गोदाम पावतीवर दोनदा कर्ज: ब्लॉकचेन कुठे कामाला येते आणि कुठे नाही

प्रश्न असा आहे. मराठवाड्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचे सोयाबीन भाड्याच्या गोदामात ठेवते आणि गोदाम पावतीवर बँकेकडून तारण कर्ज मिळवून देते. एकाच मालावर दोन ठिकाणांहून कर्ज उचलल्याची प्रकरणे कानावर आल्यापासून बँकेने हात आखडता घेतला आहे. पावत्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्व सदस्यांकडे सारखीच प्रत असलेल्या आणि मागची नोंद खोडता न येणाऱ्या सामाईक डिजिटल वहीवर (पुढे तिलाच साखळी म्हटले आहे), टाकल्या तर माल कोणाचा आणि पैसा कुठे गेला हे दोन्ही दिसेल, असा सल्ला कंपनीला मिळाला आहे. तो मानावा का, आणि मानायचा तर सुरुवात कुठून करावी?

एका पावतीवर दुसरे कर्ज चढू न देणे हे काम ब्लॉकचेन चोख करते. पावतीत लिहिलेला माल खरोखर थप्पीत आहे का, हे मात्र तिला कधीच कळत नाही. पैसे गुंतवण्याआधी हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च आणि सगळी शिस्त यावरूनच ठरते.

दोन जुनी प्रकरणे शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तूबाजारातले व्यवहार ३१ जुलै २०१३ रोजी थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी अडकली. पावत्या होत्या, संगणकात नोंदी होत्या, पण गोदामे उघडून पाहिली तेव्हा अनेक ठिकाणी नोंदीइतका माल नव्हता. तिथे ब्लॉकचेन असती तरी खोटी नोंद तेवढी पक्की झाली असती. दुसरे प्रकरण चीनमधल्या छिंगदाव बंदराचे, २०१४ सालचे. तिथे धातूचा तोच साठा वेगवेगळ्या पावत्यांनी अनेक बँकांकडे गहाण पडला होता. प्रत्येक बँक आपापली वही पाहत होती आणि प्रत्येकीच्या वहीत सगळे ठीक दिसत होते. सर्व बँकांची मिळून एकच वही असणे हा या दुसऱ्या रोगावरचा इलाज आहे. पहिल्या रोगावरचा इलाज काटा, परखी (कट्ट्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई) आणि अचानक केलेली मोजणी हाच.

आधी गोदाम, मग संगणक

म्हणून सुरुवात काट्यापासून करा. गाडी भरलेली तोलली, रिकामी तोलली, वजाबाकी केली की निव्वळ वजन मिळते. काटा पावतीवर तिन्ही आकडे, गाडीचा क्रमांक आणि वेळ छापून आलेली हवी; हाताने लिहिलेली काटा पावती प्रणालीत घेऊच नका. नमुना काढताना निदान दहा कट्ट्यांमागे एका कट्ट्यात परखी लावा, आणि ती गाडीच्या वरच्या थरापुरती नको. सोयाबीनमध्ये ओलावा, काडीकचरा व माती आणि डागी दाणे हे तीन आकडे तरी नोंदले गेले पाहिजेत. यातला ओलावा पुढे हिशेबात डोके वर काढतो, ते खाली येईलच.

थप्पी कशी मोजायची हे गोदाम व्यवस्थापकाला ठाऊक असते, बँकेच्या अधिकाऱ्याला बहुतेक वेळा नसते. समजा थरात लांबीला ८ आणि रुंदीला ५ असे ४० कट्टे आहेत आणि १२ थर आहेत. बाहेरून मोजणारा ४० गुणिले १२ म्हणजे ४८० कट्टे लिहितो. पण थरातल्या ४० पैकी फक्त २२ कट्टे कडेला असतात, १८ आत असतात. खालच्या १० थरांत आतली जागा रिकामी ठेवून वर फळ्या टाकल्या आणि त्यावर दोन पूर्ण थर रचले, तर १८० कट्टे गायब असतात. ५० किलोच्या कट्ट्याने तो माल ९० क्विंटल झाला. बाहेरून फोटो काढा, क्यूआर कोड लावा, कॅमेरा बसवा, थप्पी भरलेलीच दिसेल. मोजणाऱ्याने वर चढून मधले दोन-तीन कट्टे उचलायला लावावेत आणि मधल्या फटीतून लांब सळई खाली सोडून पाहावी. हे काम गोदाम मालकाच्या पगारावर नसलेल्या माणसाने, तारीख न कळवता करायचे असते.

एवढी तयारी असेल तर पावतीची नोंद डिजिटल करण्यात अर्थ आहे. नसेल तर आधी ही तयारी करा.

पावतीत काय लिहावे

एक पावती म्हणजे एका ठेवीदाराचा एका दिवशी आलेला, एका थप्पीतला एक लॉट. प्रत्येक क्विंटलचे वेगळे टोकन काढण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण गोदामात ती टिकत नाही, कारण माल कट्ट्यांत असतो आणि प्रत्येक लॉटची प्रत वेगळी असते. नोंदीत गोदाम क्रमांक, थप्पी क्रमांक, काटा पावती क्रमांक, कट्ट्यांची संख्या, निव्वळ वजन, ओलावा आणि प्रतवारी, ठेवीदाराचा सांकेतिक क्रमांक, विम्याची मुदत आणि पावतीची सद्यस्थिती एवढे असावे. स्थिती चारच पुरतात: मुक्त, तारण, वादग्रस्त, बंद.

गोदाम क्रमांक आणि काटा पावती क्रमांक यांची जोडी प्रणालीत एकदाच येऊ शकेल, असा नियम घाला. त्याच गाडीच्या वजनावर दुसरी पावती काढायचा प्रयत्न झाला की नोंद तिथेच अडेल. दुसरा नियम क्षमतेचा. १,००० मेट्रिक टनांच्या गोदामात ५० किलोचे जास्तीत जास्त २०,००० कट्टे मानता येतील. चालू पावत्यांची बेरीज त्यापुढे गेली तर नवी पावती निघता कामा नये. नियम अगदी साधा आहे, पण ढोबळ बनावट यातच सापडते.

पावतीचे तुकडे करावे लागतात, त्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. सभासदाने २०० पैकी ८० कट्टे विकायला काढले तर जुनी पावती खोडून आकडा बदलायचा नाही. जुनी बंद करायची आणि तिचाच क्रमांक मूळ म्हणून दाखवणाऱ्या ८० आणि १२० कट्ट्यांच्या दोन नव्या पावत्या काढायच्या. नव्या पावत्यांची बेरीज आणि नोंदवलेली तूट मिळून जुन्या पावतीइतकी भरली पाहिजे. बिटकॉइनमधल्या रकमाही याच तऱ्हेने फिरतात: जुनी रक्कम पूर्ण खर्ची पडते, नव्या रकमा जन्माला येतात, आणि मागचा माग लागत राहतो.

तूट हा शब्द मुद्दाम वापरला. १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्के ओलाव्याला आत आले आणि पाच महिन्यांनी १०.५ टक्क्यांवर आले, तर कोरडा माल ८८ क्विंटलच राहतो, पण वजन ८८ भागिले ०.८९५ म्हणजे ९८.३२ क्विंटल भरते. १.६८ क्विंटल कोणी चोरले नाही, ते पाणी होते. वहीत तुटीची नोंद करायची सोय नसेल तर व्यवस्थापक आकडे जुळवायला दुसऱ्या थप्पीतले कट्टे हलवतो, आणि त्या दिवसापासून वही खोटी होते. ओलाव्याच्या फरकातून येणारी तूट प्रणालीनेच मोजावी; त्यापलीकडची तूट असेल तर दोन सह्यांशिवाय नोंद होऊ नये.

दुसरे कर्ज नेमके कसे अडते

अशा कामाला कोणीही शिरू शकेल असे सार्वजनिक जाळे लागत नाही. बँका, गोदाम संस्था आणि शेतकरी कंपन्या अशा ठरावीक सदस्यांचे जाळे पुरते. हायपरलेजर फॅब्रिक हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक पावतीच्या नोंदीला आवृत्ती क्रमांक असतो. समजा एकाच दुपारी दोन शाखांनी त्याच पावतीवर बोजा चढवायला घेतला. दोघींनी पावती वाचली तेव्हा ती मुक्त होती आणि आवृत्ती ४ होती. दोन्ही व्यवहार एका क्रमाने लागतात. पहिला पक्का झाला की पावती तारण होते आणि आवृत्ती ५ होते. दुसरा तपासताना प्रणालीला दिसते की हा आवृत्ती ४ वाचून आला आहे, आणि तो व्यवहार रद्द ठरतो. यात शाखेतल्या कोणाच्या सचोटीचा किंवा सावधपणाचा प्रश्नच उरत नाही. क्रम एकच असतो आणि सर्वांकडे तोच पोहोचतो.

याच यंत्रणेत नवशिके हमखास अडकतात. गोदामातला एकूण साठा ते एकाच नोंदीत ठेवतात आणि प्रत्येक पावतीबरोबर ती नोंद बदलतात. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग लागली की एकाच वेळी आलेले व्यवहार त्या एका नोंदीवर आपटतात. एक जातो, बाकीचे रद्द होतात. मग तक्रार येते की ब्लॉकचेन बंद पडली. पावती ही स्वतंत्र नोंद ठेवा आणि एकूण साठा पावत्यांच्या बेरजेतून काढा. वर सांगितलेली क्षमतेची तपासणी थप्पीनिहाय विभागून ठेवली की गर्दीतही टक्कर क्वचित होते. रद्द झालेला व्यवहार ताज्या आवृत्तीवर पुन्हा पाठवण्याची सोयही हवी, मात्र बोज्याचा व्यवहार आपोआप पुन्हा पाठवू नका. तो अडला याचा अर्थ कोणीतरी आधी बोजा चढवला आहे, आणि ते माणसाने पाहिले पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो विक्रेते सहसा शेवटी सांगतात. सर्व्हर कोणाचे? क्रम लावणारे तीन सर्व्हर असतील तर एक बंद पडला तरी काम चालते, पाच असतील तर दोन बंद पडले तरी चालते. पण हे तिन्ही किंवा पाचही एकाच कंपनीच्या एकाच क्लाउड खात्यात असतील तर ती त्या कंपनीची वही झाली, ब्लॉकचेन हे फक्त तिचे नाव. शिवाय फॅब्रिकमध्ये क्रम लावायची नेहमीची राफ्ट पद्धत बंद पडणारा सर्व्हर सांभाळून घेते, लबाडी करणारा नव्हे. त्यासाठीची वेगळी पद्धत फॅब्रिकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळते. निदान दोन बँका आणि गोदाम संस्था यांचे स्वतःचे सर्व्हर असावेत, आणि बोजा चढवताना गोदाम व बँक या दोघांची मान्यता लागावी. यासाठी दोन्ही बँका तयार नसतील तर तुमच्याकडे ब्लॉकचेनचे कारणच नाही. साधा डेटाबेस, चांगला लेखापरीक्षक आणि रोजची बॅकअप घ्या. ते स्वस्तही पडेल आणि दुरुस्तही लवकर होईल.

पैशाचा माग

बँकेतला पैसा ब्लॉकचेनवर नसतो. तो बँकेच्या खात्यात असतो आणि साखळीवर त्याची फक्त खूण असते. ती खूण म्हणजे यूटीआर: आरटीजीएसला २२ अक्षरी, एनईएफटीला १६ अक्षरी, आयएमपीएस आणि यूपीआयला १२ अंकी संदर्भ क्रमांक. प्रत्येक पावतीशी कर्जवाटपाचा आणि परतफेडीचा क्रमांक जोडला की कोणत्या मालावर किती पैसा कोणत्या दिवशी गेला आणि आला, हे एका रेषेत दिसते.

पण क्रमांक मिळाला म्हणजे पैसे पोहोचले असे धरू नका. खाते क्रमांक चुकला असेल तर एनईएफटीची रक्कम परत येते. जमा करता न आलेली रक्कम बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायचा नियम आहे. म्हणून कर्जाच्या स्थिती तीन ठेवा: मंजूर, पाठवले, जमा. शेवटची स्थिती बँकेच्या खातेउताऱ्याशी रोज रात्री ताळा करूनच लागावी. हा ताळा टाळणाऱ्या प्रणालीत सहा महिन्यांनी अशी दहा-बारा कर्जे निघतात जी साखळीवर वाटलेली आहेत आणि शेतकऱ्याला मिळालेली नाहीत. व्याज मात्र लागलेले असते.

पूर्ण फेरी आकड्यांत पाहू. १०० क्विंटल, बाजारभाव ४,५०० रुपये, म्हणजे माल ४,५०,००० रुपयांचा. बँकेने ७० टक्के धरले तर कर्ज ३,१५,००० रुपये. व्याज ९ टक्के, मुदत १५० दिवस, तर व्याज सुमारे ११,६५१ रुपये. तेल गिरणीला ४,९०० रुपयांनी माल विकला, वजन ९८.३२ क्विंटल भरले, तर बिल ४,८१,७६८ रुपये. गिरणीने पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, बँकेने मुद्दल आणि व्याज मिळून ३,२६,६५१ कापून उरलेले १,५५,११७ रुपये सभासदाच्या खात्यात टाकायचे, मग बोजा उतरवायचा, मग डिलिव्हरी ऑर्डर, मग गाडी गेटबाहेर. हा क्रम उलटला की सगळी साखळी वाया जाते. गेटवरचा माणूस कागदी चिठ्ठीवर गाडी सोडत असेल तर प्रणाली त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. त्याच्या मोबाइलवर पावतीची स्थिती 'मुक्त' दिसल्याशिवाय गाडी सुटता कामा नये.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. काढणीला माल विकला असता तर ४,५०,००० मिळाले असते. थांबून, व्याज वजा जाता ४,७०,११७ मिळाले. फायदा २०,११७ रुपयांचा, आणि त्यातून गोदाम भाडे, विमा आणि हमाली जायची आहे. भाव चढला नाही तर थांबणे तोट्याचे ठरते. ब्लॉकचेनचा खर्च या २०,००० रुपयांच्या पट्टीवर मोजा: पावतीमागे तो शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे गेला तर छोट्या सभासदाला परवडत नाही.

भाव पडला तर? ३,८०० झाला की तोच माल ३,८०,००० रुपयांचा होतो आणि कर्ज मालाच्या जवळजवळ ८३ टक्के होते. बँक जादा तारण मागेल. अशा वेळी मालाची आपोआप विक्री करणारा स्मार्ट करार, म्हणजे अट पुरी होताच स्वतः चालणारा साखळीवरचा प्रोग्राम, लिहू नका. बाजार समितीचा भाव एका दिवसाच्या कमी आवकेनेही हलतो, चुकीचा आकडा आला तरी करार विक्री लावून मोकळा होतो, आणि झालेली विक्री मागे घेता येत नाही. करारातून बँकेला आणि सभासदाला सूचना जाऊ द्या. विकायचा निर्णय माणसाने घ्यावा.

ठशाची गंमत आणि मराठी नावे

दोन स्पर्धक संस्थांनी आपले ग्राहक एकमेकांना न दाखवता दुहेरी कर्ज पकडायचे असेल तर नोंदीऐवजी तिचा ठसा, म्हणजे हॅश, देवाणघेवाणीला वापरतात. भारतात लघुउद्योगांची बिले वटवणाऱ्या आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इनव्हॉइसमार्ट या तीन ट्रेड्स मंचांनी २०१८ पासून याच कामासाठी सामाईक ब्लॉकचेन वापरली. तिघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, कोणीच आपली यादी दुसऱ्याला देणार नाही, आणि एकच बिल तिघांकडे येण्याचा धोका खरा. ब्लॉकचेन वापरण्याचे इतके स्वच्छ कारण क्वचित सापडते.

ठशाच्या पद्धतीत दोन खाचखळगे आहेत. पहिला: एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. बिल क्रमांकात तिरपी रेघ की आडवी रेघ, आधी शून्य आहे की नाही, अंक देवनागरी की रोमन, एवढ्याने तेच बिल वेगळे ठरते. मराठी नावांत तर आणखी घोळ आहे. 'ऱ' हे अक्षर एका सांकेतिक चिन्हानेही लिहिता येते आणि 'र' ला खाली नुक्ता जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखी. 'गोऱ्हे' किंवा 'कोऱ्हाळे' दोन संगणकांवर टंकले की ठसे जुळतीलच असे नाही. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतपद्धतीतले प्रमाणीकरण हा फरक मिटवते, पण अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेला 'ऱ्' त्यातूनही निसटतो. म्हणून ठशात नाव घालूच नका. गोदाम क्रमांक, काटा पावती क्रमांक, किलोतले वजन आणि तारीख एका ठरलेल्या साच्यात, रोमन अंकांत, मोकळ्या जागा काढून घाला.

दुसरा खळगा: अशा नोंदी अंदाजाने ओळखता येतात. काटा पावती क्रमांक काही हजारांतच असतो, वजनही ठरावीक पल्ल्यात. कोणीही सगळ्या जोड्या करून ठसे काढेल आणि कोणता माल कुठे तारण आहे हे शोधून काढेल. ठसा काढताना सदस्यांनाच माहीत असलेली गुप्त किल्ली मिसळली की बाहेरच्यांना हा मार्ग बंद होतो.

सभासदाचे नाव, आधार, खाते क्रमांक साखळीवर लिहू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तिथून काहीच पुसता येत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. वैयक्तिक माहिती बाजूच्या डेटाबेसमध्ये ठेवा, साखळीवर फक्त सांकेतिक क्रमांक.

कायद्याची वही कोणती

येथे अनेक जण फसतात. गोदाम पावती हस्तांतरणीय ठरते ती २००७ च्या गोदाम विकास व नियमन कायद्यामुळे, आणि त्यासाठी गोदाम डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे केंद्राच्या गोदाम विकास व नियमन प्राधिकरणाकडे, नोंदलेले असावे लागते. त्यांची इलेक्ट्रॉनिक पावती, ई-एनडब्ल्यूआर, २०१७ पासून एनईआरएल आणि सीसीआरएल या दोन भांडारांत निघते. शेअरच्या डीमॅट खात्यासारखीच व्यवस्था आहे: बँक तारणाची खूण करते आणि ती उतरेपर्यंत पावती हलत नाही. ही ब्लॉकचेन नाही, आणि नोंदणीकृत गोदामातल्या मालाचे दुहेरी तारण ती चांगले अडवते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने याच पावत्यांवरच्या कर्जासाठी १,००० कोटी रुपयांची पतहमी योजना आणली, तिचाही लाभ ई-एनडब्ल्यूआरलाच आहे.

त्यामुळे तुमचे गोदाम नोंदणीला पात्र असेल तर आधी ती नोंदणी करा. खासगी साखळीवरची पावती तिची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही चालवायच्या असतील तर करारात लिहून ठेवा की तफावत आल्यास कोणती वही प्रमाण. हे न लिहिल्यास एकाच मालावर ई-एनडब्ल्यूआरवर एक आणि साखळीच्या पावतीवर दुसरे अशी दोन कर्जे निघण्याची वाट तुम्ही स्वतःच मोकळी केलेली असते. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या गोदामांतल्या पावत्यांवर ब्लॉकचेनमार्फत तारण कर्जाची व्यवस्था राज्यात आहेच. तुमच्या भागात त्यांचे गोदाम असेल तर स्वतःची साखळी उभारण्यापेक्षा तिथे माल ठेवणे शहाणपणाचे. व्याजाचा दर पाहताना पणन मंडळाची बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजनाही विचारात घ्या. १९९०-९१ पासूनची ही योजना आहे आणि तीत ६ टक्के दराने सहा महिन्यांसाठी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.

सातबाऱ्याचे काय, असे याच्या पाठोपाठ विचारले जाते. तिथे अडचण वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणजे ती अंतिम मालकी नव्हे. आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यात दस्त नोंदला जातो, हक्काची हमी मिळत नाही. वारसाची नोंद चुकीची झाली असेल तर ती साखळीवर नेऊन दुरुस्त होत नाही. नोंद नंतर कोणी गुपचूप बदलली का, एवढे मात्र सिद्ध करता येते. जॉर्जिया या देशाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात जमीन उताऱ्यांचे ठसे बिटकॉइनच्या साखळीत नोंदवले ते याचसाठी.

स्वस्तातली वाट

हाच ठसा पद्धतीचा मार्ग लहान कंपनीला उद्यापासून वापरता येतो. रोज संध्याकाळी पावती नोंदवहीची आणि बोजा नोंदवहीची एक फाइल काढा. तिचा एसएचए-२५६ ठसा काढा. तो ६४ अक्षरांचा येतो. ओपनटाइमस्टॅम्प्स या मोफत सेवेने तो बिटकॉइनच्या साखळीत बांधा. हजारो फायलींचे ठसे जोडीजोडीने एकत्र करत शेवटी एकच ठसा साखळीत जातो. १,०२४ फायली असतील तर तुमची फाइल त्यात होती हे फक्त १० ठशांनी दाखवता येते. खात्री व्हायला काही तास लागतात. पुराव्याची छोटी फाइल मिळते, ती आणि मूळ नोंदवही दोन्ही जपून ठेवा, आणि तीच प्रत त्या रात्री बँकेला ईमेलने पाठवा. मूळ फाइल एकदा उघडून पुन्हा साठवली तरी ठसा बदलू शकतो, म्हणून ती वाचण्यापुरतीच ठेवा.

याने दुसरे कर्ज अडत नाही. पण मागील तारखेची पावती नंतर घुसवली तर ती उघडी पडते, आणि बँकेचा अधिकारी बहुधा याच गोष्टीला घाबरत असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही इलेक्ट्रॉनिक नोंदीचा ठसा लिहावा लागतो, तेव्हा ही सवय कोर्टातही उपयोगी पडते.

किल्ल्या

शेवटी सह्यांकडे. गोदाम व्यवस्थापकाची डिजिटल सही एका यूएसबी टोकनमध्ये असते, आणि ते टोकन ड्रॉवरमध्ये, पिन त्यालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर, ही अवस्था बहुतेक गोदामांत दिसते. मग साखळीवर सही व्यवस्थापकाची दिसते आणि केलेली असते कारकुनाने. पावती निघायला व्यवस्थापक आणि प्रत तपासणारा अशा दोन सह्या, दोन वेगळ्या ठिकाणच्या, लागू करा. व्यवस्थापकाची बदली झाली की त्याचे प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द झाले पाहिजे, आणि हे कोणी करायचे त्याचे पद लेखी ठरलेले असावे. टोकन हरवले तर नवे येईपर्यंत काट्यावरचा माल थांबत नाही. त्या काळात पावत्या 'वादग्रस्त' स्थितीत काढून ठेवा, त्यावर कर्ज निघू देऊ नका, आणि नवी सही आल्यावर मोजणी करून मगच मुक्त करा.

पहिल्या हंगामात कागदी वही बंद करू नका. दिवाळीनंतरची आवक सुरू होण्याआधी पाच कट्ट्यांची एक चाचणी पावती काढा आणि तिच्यावर मुद्दाम गोंधळ घाला: दोन शाखांतून एकाच वेळी बोजा चढवा, काटा पावती क्रमांक पुन्हा वापरा, चुकीच्या खात्यावर एक रुपया पाठवून तो परत आल्यावर प्रणाली काय दाखवते ते पाहा, व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र रद्द करून लगेच त्याच टोकनने सही करून बघा, आणि बोजा असताना गेटवरून ते पाच कट्टे बाहेर निघतात का ते तपासा. शेवटची चाचणी दोनदा घ्या, एकदा दिवसा आणि एकदा रात्रपाळीचा माणूस असताना.